जबडा वाढतोय तोवरच: पुढे आलेले दात, ब्लॉक आणि तारांबद्दल तुमचे प्रश्न

मागच्या अंकात आम्ही एक छोटी चौकट टाकली होती, वयात येणाऱ्या मुलांचे दात आणि चावा याबद्दल काही विचारायचं असेल तर लिहा, एवढंच. त्यावर पत्रं, मेल आणि व्हॉट्सॲपवरचे लांबलचक व्हॉइस मेसेज धरून ढीगभर प्रश्न आले, त्यातले बरेचसे एकमेकांसारखेच होते म्हणून सहा-सात निवडलेत. मी ठाण्यात नौपाड्याला प्रॅक्टिस करते, फक्त ऑर्थोचं काम, म्हणजे दात सरळ करणं आणि जबडे जुळवणं. विचारणाऱ्यांची नावं छापलेली नाहीत, प्रश्न मात्र जवळपास त्यांच्याच शब्दांत ठेवलेत.

डॉक्टर ताई, माझा मुलगा साडेबारा वर्षांचा आहे, आता आठवीत जाईल. वरचे पुढचे दात खूप बाहेर आहेत, ओठ मिटतच नाहीत आणि हनुवटी आत गेल्यासारखी दिसते. शाळेत पोरं ससा म्हणून चिडवतात. वाशीला एका डॉक्टरांनी ट्विन ब्लॉक सांगितलाय, वर्षभर दोन प्लेटा घालायच्या आणि मग परत तारा. ह्यांचं म्हणणं आहे दोनदोनदा खर्च कशाला, दहावी झाली की एकदाच तारा लावून टाकू. थांबलं तर चालेल का?
— एक आई, घणसोली

थांबू नका. आणि का ते जरा सविस्तर सांगते, कारण हे तुम्हाला घरी ह्यांनाही समजावायचंय.

मुलाला खुर्चीत सरळ बसवा, मागच्या दाढा नीट चावायला सांगा आणि बाजूने बघा. वरच्या पटाशीच्या दातापासून खालच्या दातापर्यंत आडवं अंतर किती पडतंय? २-३ मिलिमीटर असेल तर ते नॉर्मल, तेवढं सगळ्यांनाच असतं. ६ च्या वर असेल तर लक्ष द्यायलाच हवं. याला आम्ही ओव्हरजेट म्हणतो आणि ते दोन कारणांनी होतं, एक तर दातच बाहेर झुकलेत किंवा खालचा जबडाच मागे राहिलाय, आणि खूप मुलांमध्ये दोन्ही थोडं थोडं असतं. हनुवटी आत वाटते असं तुम्ही लिहिलंय म्हणजे जबड्याचा भाग असावा असं वाटतं, पण नक्की काय ते तोंडात बघून, दातांची मापं घेऊन आणि डोक्याचा बाजूने एक्सरे काढूनच ठरतं, ज्याला सगळे सेफ म्हणतात. त्याच्या कागदावर क्लास टू असं लिहिलेलं दिसलं तर घाबरू नका, अमेरिकेतल्या एडवर्ड अँगल यांनी १८९९ मध्ये पहिल्या दाढा एकमेकींवर कशा बसतात यावरून तीन वर्ग पाडले, आम्ही अजूनही तेच लिहितो, आणि क्लास टू म्हणजे खालची दाढ वरचीच्या मानाने मागे बसते, बस एवढंच.

आता मुख्य गोष्ट. तारांनी दात हलतात, त्यांनी जबडा पुढे येत नाही. जबड्याचं जे काही करायचं ते मूल वाढत असतानाच करता येतं. ट्विन ब्लॉकमध्ये वर एक प्लेट आणि खाली एक प्लेट असते, दोन्हींवर दाढांच्या बाजूला ॲक्रिलिकचे ठोकळे, आणि त्या ठोकळ्यांना सुमारे ७० अंशांचा उतार दिलेला असतो. तोंड मिटायला गेलं की वरचा उतार खालच्यावर घासतो आणि खालचा जबडा पुढे घेतल्याशिवाय मिटताच येत नाही. म्हणजे दिवसभरात मूल जितक्या वेळा गिळतं, बोलतं, तोंड मिटतं तितक्या वेळा जबडा पुढे येतो, बाहेरून ओढायला काही लागत नाही, त्याचेच स्नायू काम करतात. स्कॉटलंडच्या विल्यम क्लार्क यांनी हे १९७७ मध्ये पहिल्यांदा वापरलं ते एका लहान मुलासाठी, तो पडला आणि त्याचा वरचा पुढचा दात मुळासकट निघाला होता, दात परत बसवला खरा पण खालचा ओठ सारखा त्या दाताच्या मागे अडकून त्याला बाहेर ढकलायचा, म्हणून खालचा जबडाच पुढे धरायची युक्ती काढली. ही गोष्ट मी आयांना मुद्दाम सांगते कारण तुमच्या मुलाचे ओठ मिटत नाहीत म्हणताय म्हणजे त्याच्याही बाबतीत खालचा ओठ वरच्या दातांमागे जाऊन बसत असणार, आरशासमोर उभं करून बघा.

एक मात्र स्पष्ट सांगते कारण काही ठिकाणी फार मोठी स्वप्नं दाखवली जातात. ब्लॉकने जबडा सेंटिमीटरभर लांब होतो असं नाही. ब्रिटनमध्ये मोठी चाचणी झाली होती, २००३ मध्ये तिचे निकाल छापून आले, त्यात दिसलं की पुढचं अंतर कमी होतं त्यात दात सरकण्याचा वाटा जास्त आणि हाडाचा वाटा कमी असतो. वरचे दात थोडे मागे येतात, खालचे थोडे पुढे, आणि जबडा थोडा. पण तिन्ही मिळून चेहऱ्यात जो फरक दिसतो तो घरच्यांनाही कळतो आणि मुलालाही, आणि पुढची तारांची स्टेज बहुतेक वेळा सोपी होते. वाढ संपल्यावर हा मार्ग बंद होतो, मग उरतं काय, तर दोन दात काढून वरचे दात मागे घेणं म्हणजे जबड्याचा फरक झाकून टाकणं, आणि फरक खूपच असेल तर अठराच्या पुढे जबड्याचं ऑपरेशन. ह्यांना खर्चाचं बोलायचं असेल तर हा हिशोब समोर ठेवा.

शिवाय इतके बाहेर आलेले दात पडल्या-झडल्यावर सगळ्यात आधी तुटतात. सोसायटीच्या जिन्यात, क्रिकेटमध्ये, सायकलवरून पडून. पुढचा पक्का दात तुटला तर तो आयुष्यभराचा खर्च असतो. आणि शाळेत रोज जे ऐकावं लागतं ते तुम्ही एका ओळीत लिहिलंय, पण साडेबारा वर्षांच्या मुलाला अजून तीन वर्षं ते ऐक असं मी तरी सांगू शकणार नाही.

माझी मुलगी ११ वर्षांची आणि मुलगा ९ वर्षांचा, दोघांचेही दात पुढे. डॉक्टरांनी मुलीचं लगेच करू म्हटलं आणि मुलाला दोन वर्षांनी आणा म्हणाले. लहान आहे त्याचं आधी करायला हवं ना? उलटं कसं?
— वर्तकनगर, ठाणे

उलटं नाहीये, तुमच्या डॉक्टरांनी बरोबर सांगितलंय. मुली मुलांपेक्षा साधारण दोन वर्षं आधी झपाट्याने वाढतात. मुलींची उंची सगळ्यात जोरात वाढते ती साधारण बाराच्या आसपास, मुलांची चौदाच्या आसपास, पण प्रत्येकाचं घड्याळ वेगळं म्हणून वयापेक्षा खुणा बघायच्या. शाळेचे बूट चार महिन्यांत घट्ट होतायत का, मागच्या दिवाळीचा ड्रेस तोकडा झालाय का. मुलीची पाळी सुरू झाली की समजायचं सगळ्यात मोठी उडी होऊन गेली, पाळी साधारण त्याच्या वर्षभरानंतर येते. वाढ थांबते असं नाही पण वेग उतरणीला लागतो. आम्ही सेफमध्ये मानेच्या मणक्यांचे आकार बघतो किंवा हाताचा एक्सरे काढतो, त्यावरून कळतं की गाडी स्टेशनात यायचीय, उभी आहे की सुटली. तुमच्या मुलीची गाडी आत्ता फलाटावर आहे.

मुलाचं म्हणाल तर नऊ वर्षांचं असताना ब्लॉक लावून मग परत बाराव्या-तेराव्या वर्षी दुसरी स्टेज करायची, की एकदाच त्या वयात करायचं, यावर चांगला अभ्यास झालाय. कोक्रेन म्हणून जी संस्था सगळ्या चाचण्या एकत्र करून तपासते त्यांनीही हे तपासलं, शेवटचा निकाल दोन्हीकडे सारखाच येतो, लवकर करण्याचा ठोस फायदा एकच दिसला की मधल्या काळात पुढचे दात पडून तुटण्याचं प्रमाण कमी होतं. म्हणजे मुलगा फार धडपड्या असेल, एकदा दात आपटून झाला असेल, किंवा चिडवण्याने शाळेत जायला रडत असेल तर लवकर करायला अर्थ आहे. नाहीतर थांबा, निवांत.

पण थांबा हे सगळ्यांना लागू करू नका हं, हे मी वाचणाऱ्या बाकीच्यांना सांगतेय. खालचे दात वरच्या दातांच्या पुढे येत असतील, म्हणजे उलटा चावा, आणि वरचा जबडा मागे असेल तर आठ-नऊ वर्षांपर्यंत दाखवाच. त्यात रात्री चेहऱ्यावर लावायचा फेसमास्क असतो, कपाळ आणि हनुवटीवर टेकतो आणि रबराने वरच्या जबड्याला पुढे ओढतो, आणि तो लहान वयातच चांगला चालतो, दहा-अकरानंतर फायदा कमी होत जातो. तसंच वरचा जबडा अरुंद असेल आणि एका बाजूच्या दाढा आतून चावत असतील तर टाळूत स्क्रू असलेली एक्सपान्शन प्लेट लावतात. आई किंवा बाबा चावीने रोज पाव फेरा फिरवतात, एका पाव फेऱ्याला पाव मिलिमीटर. टाळूच्या मध्ये जी हाडाची शिवण असते ती उघडते म्हणून पुढच्या दोन दातांत अचानक फट पडते आणि आया रात्री अकराला घाबरून फोन करतात, तर ती फट पडणं हेच स्क्रूचं काम होतंय याची खूण आहे, ती आपोआप बुजते. आणि ही नवीन फॅशन नाही, सॅन फ्रान्सिस्कोच्या एमर्सन एंजेल यांनी १८६० मध्ये एका चौदा वर्षांच्या मुलीवर हेच करून छापलं होतं.

अंगठा चोखायची सवय किंवा सतत तोंडाने श्वास घेणं असेल तर तेही आधी बघावं लागतं. मूल रात्री घोरतं, तोंड उघडं ठेवून झोपतं, सारखी सर्दी असते, तर दातांच्या आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. नाक बंद राहिलं तर आमची प्लेट कितीही चांगली असली तरी तोंड मिटणार कसं?

माझा नातू तेरा वर्षांचा. प्लेट दिली आहे, पैसे भरले आहेत, पण हा घरातून निघाला की खिशात टाकतो. सूनबाई रोज ओरडते, घरात रोज भांडण. मी निवृत्त शिक्षक आहे, मुलांना वळण लावण्यात आयुष्य गेलं पण इथे माझंही चालत नाही. काय करावं?
— एक आजोबा, कोपरी

आजोबा, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. सगळ्यात जास्त पत्रं याच विषयावर आहेत, फक्त बाकीच्यांनी ती चिडून लिहिलीयेत आणि तुम्ही काळजीने.

आधी एक ऐका, तुमचा नातू एकटा नाही. ब्रिटनमध्येच ट्विन ब्लॉक आणि हर्ब्स्ट नावाचं चिकटवलेलं उपकरण अशी तुलना झाली होती, त्यात ब्लॉकवाल्या मुलांपैकी तीनातल्या साधारण एकाने ट्रीटमेंट अर्धवट सोडली, चिकटवलेल्यात ते प्रमाण बरंच कमी होतं. म्हणजे हा एका वाया गेलेल्या पोराचा प्रश्न नाही, तोंडात दोन ठोकळे घेऊन आठवीच्या वर्गात बसणं खरंच अवघड आहे.

पहिले दहा दिवस काय होतं ते मोठ्यांनी समजून घ्यायला हवं. लाळ सुटते, बोलताना स, श आणि च नीट येत नाही, सकाळी उठल्यावर जबडा दुखतो, दाढा दाबल्यासारख्या वाटतात, जेवताना वाटतं तोंडात दुसऱ्याचीच वस्तू आहे. साधारण आठवडा-दोन आठवड्यांत जीभ जागा शोधते आणि बोलणं सुधारतं, पण त्या दोन आठवड्यांत वर्गात कुणी हसलं की प्लेट खिशात गेलीच समजा. म्हणून मी शक्यतो मे महिन्याच्या किंवा दिवाळीच्या सुट्टीत सुरू करते. सुट्टीची एक जुनी गंमतही आहे, डेन्मार्कच्या विगो आंद्रेसन यांनी स्वतःच्या मुलीच्या तारा सुट्टीपुरत्या काढल्या आणि त्याऐवजी रात्री घालायची एक प्लेट दिली, मुलगी परत आली तेव्हा चावा सुधारलेला, त्यातूनच आजच्या या सगळ्या उपकरणांचा पूर्वज ॲक्टिव्हेटर तयार झाला.

तर तुमच्याकडे काम आहे, आणि ते सूनबाईपेक्षा तुम्हालाच चांगलं जमेल. रोज संध्याकाळी पंधरा मिनिटं त्याला प्लेट घालून मोठ्याने पेपर वाचून दाखवायला सांगा. खेळाचं पान चालेल. चुकलं तरी दुरुस्त करू नका, नुसतं ऐका. शिक्षकाला हे कठीण जातं, माहितीये मला. आठवड्याभरात त्याला स्वतःलाच कळेल की आता बोलणं समजतंय, आणि ते कळलं की वर्गात घालायची भीती निम्मी होते.

दुसरं, प्लेट कुठे टोचते का ते त्याला विचारा, विचारा म्हणजे खरंच विचारा, प्लेट का नाही घातली असं नाही तर कुठे लागतं ते दाखव असं. माझ्याकडे एक मुलगा चार महिने प्लेट घालत नव्हता, घरी फटके खाल्ले, आणि जिभेच्या बाजूला एक तार टोचून जखम झाली होती एवढंच कारण, ते कुणी बघितलंच नव्हतं, मीही आधीच्या भेटीत घाईत होते आणि मलाही दिसलं नव्हतं. पाच मिनिटांत पक्कडीने तार वळवली आणि तो घालायला लागला. तेव्हापासून मी प्रत्येक भेटीला आधी मुलाला एकट्याला विचारते, आईबाबांना नंतर.

तिसरं, घड्याळ. किती तास घालायचं ते तुमच्या डॉक्टरांना विचारून लिहून घ्या, बहुतेक जण जवळजवळ दिवसभर सांगतात, काही जेवताना पण ठेवा म्हणतात. त्याने स्वतः एका वहीत तास लिहायचे, दुसऱ्या कुणी ती वही तपासायची नाही, डॉक्टरांनाच दाखवायची. आणि एवढं करूनही दोन-तीन महिन्यांत जमलं नाही तर भांडत बसू नका, चिकटवलेल्या उपकरणाचं विचारा. हर्ब्स्टमध्ये वरच्या आणि खालच्या दाढांना जोडणाऱ्या छोट्या सरकत्या दांड्या असतात, काढता येत नाही म्हणून खिशातही जात नाही. एमिल हर्ब्स्ट यांनी ते १९०९ मध्ये बर्लिनला दाखवलं होतं, मध्ये सगळे विसरले, १९७० च्या दशकात स्वीडनमध्ये हान्स पँकेर्झ यांनी परत वापरात आणलं. ते मोडतं कधीकधी, महागही पडतं, पण नातू तेरा वर्षांचा आहे, वाढीचे महिने भांडणात घालवण्यापेक्षा बरं.

आणि हो, प्लेट काढली तर डबीतच ठेवायची. रुमालात, टिश्यूत गुंडाळली की कॅन्टीनच्या ताटाबरोबर कचऱ्यात जाते, दर महिन्याला एकतरी अशी जाते. गरम पाण्याने धुवायची नाही, ॲक्रिलिक वाकतं, साध्या पाण्यात ब्रशने घासायची.

मुलगा शाळेच्या कबड्डी टीममध्ये आहे, मुलगी बासरी शिकते. प्लेट आणि तारा लावल्या तर दोन्ही बंद करायचं का?
— ऐरोली

काही बंद करायचं नाही. कबड्डीच्या वेळी काढता येणारी प्लेट काढून डबीत ठेवायची आणि मॅच संपली की लगेच घालायची. तारा असतील तर तारांवरून बसणारा माउथगार्ड घालायचा, नाहीतर कोपर लागलं की ओठ आतून फाटतो. बासरीचं पहिल्या एक-दोन आठवड्यांत फुंक बदलल्यासारखी वाटेल, गुरुजींना आधी सांगून ठेवा, मग जमतं.

दोन डॉक्टरांनी दोन वेगळे खर्च सांगितले, तिसरीकडे पारदर्शक अलायनरची जाहिरात बघितली, त्यात घरीच माप घ्यायचं आणि कुरिअरने येतं असं आहे. आमचं बजेट खरंच मर्यादित आहे. काय करावं?
— एक आई, खारघर

घरी माप घेऊन कुरिअरने येणारं वाढत्या मुलाला अजिबात देऊ नका, माझी कळकळीची विनंती आहे. एक्सरे न काढता, कुठला दात अजून हाडात आहे, कुठल्या दाताचं मूळ कसं आहे हे न बघता दात ढकलणं धोक्याचं आहे. अलायनर, म्हणजे दातांवर बसवायचे पारदर्शक साचे, स्वतःहून वाईट नाहीत, ऑर्थोडोंटिस्टच्या देखरेखीखाली मुलांनाही देतात, आता खालचा जबडा पुढे धरायची सोय असलेलेही आलेत, पण तेही तासनतास घालावे लागतात आणि तेही खिशात जातात.

ऑर्थोडोंटिस्ट म्हणजे बीडीएस झाल्यावर तीन वर्षं याच विषयातलं एमडीएस केलेली व्यक्ती. बोर्डावर बघा, विचारा, यात कुणाचा अपमान नाही. पैशाचं म्हणाल तर तुम्ही नवी मुंबईत राहता हे तुमचं नशीबच आहे, नेरूळला, कामोठ्याला, सीबीडी बेलापूरला आणि खारघरलाही डेंटल कॉलेजं आहेत आणि मुंबईत सीएसएमटीजवळ सरकारी डेंटल कॉलेज आहे. कॉलेजमध्ये एमडीएस करणारे विद्यार्थी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली काम करतात, खर्च खाजगीपेक्षा कमी येतो. किंमत वेळाची द्यावी लागते, भेटीला अर्धा दिवस जातो आणि शिकणारा विद्यार्थी पास होऊन गेला तर तुमची फाइल दुसऱ्याकडे जाते, म्हणून तो कुठल्या वर्षाला आहे ते सुरुवातीलाच विचारा. मी स्वतः अशाच एका कॉलेजात शिकले आणि तिथे एकेका केसवर जेवढी चर्चा होते तेवढी बाहेर क्वचित होते.

आणि खर्च वेगळे का ते दोघांनाही विचारा. कधी एकाने दोन्ही स्टेज धरलेल्या असतात, दुसऱ्याने एकच. रिटेनर, म्हणजे तारा काढल्यावर दात जागेवर राहावेत म्हणून घालायचा तो, धरलाय का, तुटलेल्या ब्रॅकेटचे, म्हणजे तार धरायला दातावर चिकटवलेल्या तुकड्याचे, पैसे वेगळे का, हे लिहून घ्या.

तारा लावल्यावर खायचं काय? पुढे गणपती आहेत, मग दिवाळी.
— नेरूळ

मोदक खुशाल खा, उकडीचे तर तारांसाठीच केल्यासारखे मऊ. चकली, कडक शंकरपाळी, चिक्की आणि ऊस तेवढे सोडा, पामबीच रोडवरचं भाजलेलं कणीस दातांनी ओरबाडायचं नाही, दाणे काढून खायचे. सफरचंद, पेरू, गाजर बारीक कापून. चिकट गोडापेक्षा जास्त नुकसान करतं ते तासातासाने गोड काहीतरी तोंडात टाकणं, कारण तारांच्या कडेला साखर अडकून बसते आणि तारा काढल्यावर दातांवर चौकोनी चुन्यासारखे पांढरे डाग राहतात, ते पुसून जात नाहीत. रात्रीचं ब्रशिंग कधीही चुकवू नका, फ्लोराइडवालीच पेस्ट, आणि तारेखालून जाणारा छोटा ब्रश केमिस्टकडे मिळतो तो आणा. तार टोचली तर मेण लावायचं, ते डॉक्टर देतातच, संपलं म्हणून थांबू नका, मागून घ्या.

ताई, मी चौदा वर्षांची आहे, नववीत. माझेही दात पुढे आहेत. पाळी येऊन अडीच वर्षं झाली. डॉक्टर म्हणाले आता ब्लॉकचा फार उपयोग नाही, वरचे दोन दात काढून तारा लावू. आई घाबरली आहे, आमच्याकडे सगळे म्हणतात वरचे दात काढले की डोळ्यांवर परिणाम होतो. आणि मला वाटतंय माझ्याच बाबतीत उशीर झाला. आता काही होणार नाही का?
— ठाणे

होणार आहे, बाळा. तू स्वतः लिहिलंस हे मला फार आवडलं.

आधी आईचं. वरच्या दातांच्या संवेदनेच्या शिरा वेगळ्या आणि दिसण्याची शीर पूर्ण वेगळी. दात काढल्याने नजर जात नाही, कमी होत नाही, चष्म्याचा नंबर वाढत नाही. ही भीती आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलीये, माझ्या आजीलाही होती, पण त्यात तथ्य नाही. आईला सांग की काढायचे ते पुढचे दात नसतात, सुळ्याच्या मागची छोटी दाढ असते, दोन्ही बाजूंची एकेक. त्या जागेत पुढचे सहा दात हळूहळू मागे घेतात आणि शेवटी जागा भरून जाते, खड्डा राहत नाही. साधारण दीड ते दोन वर्षं लागतात.

उशीर झाला का, तर ब्लॉकसाठी हो, बहुधा झालाय, अडीच वर्षं म्हणजे तुझी वाढ बरीचशी होऊन गेली आणि डॉक्टरांनी खरं सांगितलंय. पण सगळ्यांनाच दात काढावे लागतात असं नाही, ते जबडा किती मागे आहे, दात किती झुकलेत, ओठ किती भरलेले आहेत यावर असतं. म्हणून पुढच्या भेटीत तू स्वतः विचार, आईच्या तोंडून नको: माझा सेफ दाखवा, जबडा मागे आहे की दात पुढे आहेत ते मला समजावून सांगा, दात न काढता केलं तर काय होईल आणि काढून केलं तर माझा चेहरा बाजूने कसा दिसेल. समजावून सांगायला कुणी टाळाटाळ केली तर दुसरं मत घे, त्यात काही वाईट नाही.

मधे मधे डॉक्टर छोटी रबरं देतील, वरच्या सुळ्यापासून खालच्या दाढेपर्यंत अडकवायची. रोज बदलायची असतात कारण एका दिवसात त्यांची ओढ ढिली पडते, आणि ती तूच लावायची, तुझ्या हातात असलेला भाग तेवढाच आहे पण मोठा आहे. शेवटी रिटेनर मिळेल. तो आधी दिवसभर आणि नंतर रोज रात्री, आणि किती वर्षं असं विचारशील तर जितकी वर्षं दात सरळ हवेत तितकी, कारण दात आयुष्यभर थोडे थोडे सरकत राहतात. कॉलेजला हॉस्टेलवर गेलीस तर बॅगेत सगळ्यात आधी रिटेनरची डबी टाक. आणि नववी-दहावीत तारा लावायला हरकत नाही, महिना-दीड महिन्यातून एक भेट असते, बोर्डाच्या पेपरच्या आठवड्यात ती नको एवढं आधी सांगून ठेव.